सव्वा मूठ

धरणगावात आमचं मेडिकल आहे. नवरा योगेंद्र औषधं बघतो, मी गिऱ्हाइकं बघते, आणि गिऱ्हाइकं बघता बघता माझं डोकं फिरत गेलं त्याची ही गोष्ट.

बायका पॅड घ्यायला येतात तेव्हा आधी रस्त्यावरून दोन चकरा मारतात. दुकान रिकामं झालं की आत शिरतात आणि तोंडानं न बोलता बोट दाखवतात. पोरं कंडोम घ्यायला येतात ती आधी डोकेदुखीची गोळी मागतात. मग खोकल्याची. मग कानात सांगितल्यासारखं काहीतरी पुटपुटतात आणि योगेंद्र त्याहून हळू आवाजात "कोणतं?" विचारतो. पाहणाऱ्याला वाटावं, दोघं मिळून बँक लुटायला निघालेत. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर काळी पिशवी, पिशवीला गाठ, असा आमच्या दुकानाचा रिवाज. एकदा आठवीतली एक पोरगी ती काळी पिशवीसुद्धा ओढणीखाली दडवून, खांदे पाडून निघाली आणि समोरच्या पायरीला ठेचकाळली. मी तिला उठवलं, आणि त्याच दिवशी काळ्या पिशव्यांचा गठ्ठा बाहेर काढला. म्हटलं, खोकल्याचं औषध जसं हातात देतो तसंच हे हातात मिळेल, ज्याला लाज वाटते त्यानं घरून पिशवी आणावी. योगेंद्र म्हणाला, "गिऱ्हाईक तुटेल." थोडं तुटलं. मग परत आलं. पाळी काही दुकानदाराचा स्वभाव बघून थांबत नाही.

पण पिशवी काढली तरी तोंडावरची पिशवी निघेना. एक आई मला म्हणाली, "ताई, पोरीला सगळं सांगावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करू?" मला वाटलं, खरंच की. पोरांना शिकवणारे पुष्कळ आहेत, मोबाइल तर रात्रंदिवस शिकवतो, तेही भलतंच. आईबापांना बोलायला कोण शिकवणार? म्हणून दुकानामागच्या गोदामात मी दर रविवारी दुपारी आईबापांची बैठक सुरू केली. पोरांना प्रवेश नाही. सलाइनच्या खोक्यांवर बसायचं, चहा प्यायचा आणि बोलायला शिकायचं.

पहिल्या रविवारी मी म्हटलं, शरीराच्या भागांची नावं घ्या. डोकं, नाक, कान, पोट असं धडाधड झालं. पोटाशी येऊन गाडी थांबली. पुढचं एकदम गुडघा! मधला मुलूख आमच्या लोकांच्या नकाशात कोराच आहे. मी खरी नावं सांगितली, तर बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मी हसू दिलं. हसून झाल्यावर म्हटलं, आता म्हणा. ज्या भागाचं नाव पोरीला ठाऊक नाही, त्या भागाला कोणी हात लावला तर ती सांगणार काय? तेव्हा हसू थांबलं.

बापांपैकी एकटा चिंधा यायचा. रिक्षा चालवतो. दारातच बसायचा, कोणी पाहिलं तर उठून जाता यावं म्हणून. त्याचा पोरगा एका पोरीसोबत फिरतो हे त्याच्या कानावर आलेलं. चिंधानं पोराला जवळ बोलावून, घसा खाकरून, "जपून ऱ्हाय रे भाऊ," एवढंच सांगितलं. पोरगा दुसऱ्या दिवशी हेल्मेट घेऊन आला. चिंधानं हे सांगितलं तेव्हा गोदामातली खोकी हलायला लागली. पण त्यानंतर तो दारातून उठून आत येऊन बसला.

बैठकीत मी दोनतीन गोष्टी पुन्हापुन्हा घोकून घ्यायचे. पोराला समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारू नका, ती पोलीस चौकशी वाटते. शेजारी बसा. दोघांच्या हातात काम असू द्या, शेंगा फोडा, मेथी निवडा. विचारलंत की गप्प बसा. ते बोलायला लागलं की हातातलं काम थांबवू नका, नाहीतर ते घाबरून गप्प होईल. "तू तिथं गेलीच कशाला?" हे तर अजिबात म्हणायचं नाही. पहिलं वाक्य एकच, "तू सांगितलंस ते चांगलं केलंस."

रूपा हे सगळं ऐकायला यायची. माझी चुलत जाऊ, आमच्या मूळ गावी राहते, धरणगावपासून रिक्षानं जवळच. तिचा नवरा झुलाल, मालाचा टेम्पो चालवतो. सासरे हिलाल आबा म्हणजे आमच्या भाऊबंदकीतले सगळ्यांत मोठे, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. सासू भागाबाई. धाकटा दीर वना, अजून लग्नाचा, सगळ्या गावाचा लाडका. आणि रूपाची मुलगी वृषाली, दहावीत. रूपाला ते शब्द म्हणायला सगळ्यांपेक्षा जास्त दिवस लागले. दर वेळी अर्ध्यावर येऊन ती पदर तोंडावर घ्यायची. "अक्का, मन्ही जीभच वळत नही," म्हणायची. पण यायची.

श्रावणात, कानबाईच्या सणाआधीच्या गुरुवारी, भर दुपारी ती वृषालीला घेऊन दुकानात आली. रविवार नव्हता आणि बाजारही नव्हता. मी दोघींना मागं गोदामात नेलं.

"अक्का, तुम्ही सांगं तसंच मी करं," रूपा म्हणाली. "कानबाईना गहू निवडत व्हतूत. इचारं, तुले कोना हात नको वाटस का? तिना तोंडकडे देखं बी नही."

वृषाली खोक्यावर बसली होती, नखानं चिकटपट्टी सोलत.

"मंग?" मी विचारलं.

"लई वखत गहूच निवडत ऱ्हायनी. मंग बोलनी, वनाकाकाना."

गेल्या कानबाईपासून, असं पोरगी म्हणाली. स्कूटी शिकवतो म्हणून नेतो तेव्हा. घरात कोणी नसताना. आईला सांगितलंस तर तुझी शाळा बंद होईल, म्हणून धमकावलं होतं. बाकीचं तिनं सांगितलं ते इथं मांडायची गरज नाही, सांगायचं तिथं तिनंच सांगितलं. त्या वनाला मी भाऊबंदांच्या लग्नांत पंगतीला वाढलं होतं, त्याच्या पाठीवर हात फिरवला होता. त्या क्षणी तो समोर असता तर मी काय केलं असतं ते मलाच ठाऊक नाही.

"मन्हा हात थांबना नही, अक्का," रूपा म्हणाली. "थांबता ते ती चूप व्हई जाती. मी गहू निवडतच ऱ्हायनू. मंग सांगं, तू बोलनी ते चांगलं करं." आणि तेव्हा कुठं ती रडली. एवढा वेळ तिनं ते धरून ठेवलं होतं.

मी म्हटलं, आत्ता ठाण्यात चल. कायदा आहे, असं कळलं की पोलिसांना कळवायचं असतं, मलासुद्धा. रूपा म्हणाली, "माले एकदाव मायले सांगू द्या. तिनाच पोऱ्या शे तो. दुसराना तोंडे आयकाले नको तिले. मंग तुम्ही म्हनशात तठे येसू."

माय म्हणजे तिची सासू, भागाबाई. मी रागावले. म्हटलं, सासूला सांगशील आणि सगळं घर तुझ्या तोंडावर हात ठेवेल. पण पोरीची आई ती होती, मी नव्हते. शेवटी माझी अट तिनं मानली. पोरगी माझ्या घरी राहील आणि शनिवारी, आभाळ कोसळलं तरी, आपण ठाण्यात जाऊ.

वृषालीनं तोवर चिकटपट्टी पूर्ण सोलून काढली होती. ती म्हणाली, "काकू, मी काही केलं नाही ना?"

"नाही."

"मग कानबाईला मी इकडं का आणि तो घरी का? घर माझं नाही का?"

आईबापांना बोलायला शिकवणारी मी, त्या पोरीपुढं मुकी झाले. कारण प्रश्न तोच होता आणि तेवढाच होता. त्या दोघांतलं घराबाहेर कोण राहणार?

आता आमच्याकडची कानबाई सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खान्देशात घरोघर कानबाई बसते. रात्रभर बायका गाणी म्हणतात, फुगड्या खेळतात, सोमवारी देवीला नदीवर नेतात. तिच्या प्रसादाचे रोट असतात आणि रोट फक्त भाऊबंदकीनं खायचे. त्यासाठीचे गहू आमच्यात आदल्या दिवशी मोजले जातात. कुळातला मोठा माणूस एकेका पुरुषाचं नाव घेतो. ज्याचं नाव येईल तो टोपलीत सव्वा मूठ गहू टाकतो, आधी भरलेली मूठ आणि वर पाव मूठ. टोपली कुळातल्या मोठ्या बाईच्या मांडीवर असते. बायकांच्या नावाची मूठ नसते. बायकांनी ते दळायचे, मळायचे, भाजायचे. एकदा मूठ टोपलीत पडली की सगळे गहू एक होतात, कोणाचे कोणते ते कोणी सांगू शकत नाही. ज्याची मूठ घेतली नाही तो भाऊबंदकीतून गेला. त्याच्या लग्नाला कोणी जात नाही आणि मयतालाही नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी एकाची मूठ नाकारली होती. तो बायकापोरं घेऊन सुरतेला गेला, तो परत आलाच नाही.

शुक्रवारी सकाळी रूपानं सासूला सांगितलं. मला फोन करून म्हणाली, "अक्का, माय काहीच बोलनी नही. सूपमा गहू पाखडत व्हती, पाखडतच ऱ्हायनी. मान बी वर करी नही."

मी म्हटलं, बघ. आईच ती. पोराची बाजू घेणारच.

आणि शुक्रवारीच संध्याकाळी हिलाल आबा दुकानात आले. पांढरी टोपी, धोतर, हातात काठी. भागाबाई गप्प राहिली तरी झुलालला बायकोनं सांगितलं होतं आणि झुलालनं बापाला. आबा स्टुलावर बसले आणि गिऱ्हाईक जायची वाट बघू लागले. मी मुद्दाम एका म्हातारीला कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती जेवणानंतर ते चार वेळा समजावून सांगितलं. शेवटी म्हातारीच कंटाळून गेली.

"हेमांगी, तुन्हं ते गोदाम बंद कर," आबा म्हणाले.

"गोदामात औषधं आहेत आबा."

"माले समजस तुन्हं औषध. घान बोलतस तठे. पोरना डोकामा तूच भरं हाई."

"पोरीच्या डोक्यात मी काही भरलं नाही. होतं ते बाहेर आलं. आणि घाण माझ्या गोदामात नाही, तुमच्या घरात आहे."

योगेंद्र काउंटरमागं गोळ्यांची पाकिटं लावत होता. त्याचा हात थांबला. आबांशी असं बोललेलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. आबांनीही नसावं. मग आवाज खाली आणून, समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "बाई, वनानी सोयरीक जमत उनी शे. घरनी गोट घरमा ऱ्हावाले जोयजे. झाकली मूठ सव्वा लाखनी."

"त्या सव्वा लाखात पोरीचा वाटा किती, आबा?"

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. म्हणाले, "पोरले घर धाड. काकाना पाय पडी, गैरसमज व्हयना म्हनी. मंग वनाकडे मी देखस. नही तं उद्या योगेंद्रनी मूठ मी लेत नही. तुन्हा पोऱ्यानी बी नही."

आमचा मुलगा धुळ्याला शिकतो, त्याची मूठ त्याचा बाप टाकतो. ती नाकारायची म्हणजे त्या पोराला या कुळात कोणी नाही असं सांगायचं. मला घाबरायला झालं, खोटं कशाला बोलू? पण घाबरण्यापेक्षा राग मोठा होता. पोरीनं त्या माणसाच्या पाया पडायचं! हे म्हणताना या म्हाताऱ्याची जीभ अडखळली नाही, आणि आम्ही गोदामात शरीराच्या भागाचं नाव घेतलं तर ती घाण!

"नका घेऊ," मी म्हटलं. "टोपली तुमची, गहू तुमचे. पण पोरगी कोणाच्या पाया पडणार नाही. आणि गोदाम दर रविवारी उघडणार. तुम्हीही या. नातवंडांशी काय बोलायचं ते तुम्हालाही शिकायची गरज आहे."

आबा उठले. काठी आपटत पायऱ्या उतरले.

दुकान बंद करताना योगेंद्र म्हणाला, "वडिलांच्या माघारी मूठ कधी चुकली नाही."

मी त्याच्यावर जवळजवळ ओरडलेच. "मग जा, पड त्यांच्या पाया. पोरीला पण ने."

तो शांतपणे शटर ओढत राहिला. कुलूप लावून झाल्यावर म्हणाला, "ऐक तरी. मी उद्या गहू घेऊन जाणार. नाव घेतलं तर टाकेन. नाही घेतलं तर घेऊन परत येईन. पण मी उभा राहणार, सगळ्यांदेखत. आणि वृषालीला यायचं असेल तर तीही येईल. घर तिचं आहे."

एवढी वर्षं मी याला भित्रा समजत होते.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं गावात पोचलो तेव्हा आबांच्या ओसरीवर सारी भाऊबंदकी जमली होती. पुरुष ओसरीवर, बायका आतल्या दाराशी. मधोमध भागाबाई, मांडीवर टोपली. वाळलेल्या हातांची, ठेंगणी बाई. ती कोणाकडे बघत नव्हती. वना खांबाला टेकून उभा होता, नवा शर्ट घालून, कोणाशी तरी हसत. वृषाली दिसल्यावर त्याचं हसू जरा कमी झालं, पण गेलं नाही. त्याला आपल्या बापाची खात्री होती.

मला वाटलं होतं पोरगी माझ्यामागं दडेल. ती बायकांमधून वाट काढत आईजवळ गेली आणि तिथं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रूपानं तिचा हात धरला. बायका कुजबुजल्या. म्हणजे सगळ्यांना कळलेलं होतं. झाकल्या मुठीची हीच गंमत आहे, आत काय ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, फक्त बोलायचं नसतं.

आबांनी नावं घ्यायला सुरुवात केली. आधी त्यांचं स्वतःचं. त्यांनी मूठ टाकली, वर पाव. मग त्यांचे चुलतभाऊ, वयाप्रमाणं. मग आमची पिढी. वयानं योगेंद्रचं नाव पहिलं यायला हवं होतं. आबांनी झुलालचं घेतलं.

झुलाल पुढं आला, टोपलीपाशी वाकला, मूठ टाकली. बायकोकडे त्यानं बघितलं नाही. योगेंद्र गव्हाची पिशवी हातात घेऊन उभाच होता, मान ताठ.

"आबा, एक नाव राहिलं," मी म्हणाले.

"ऱ्हायनं नही," आबा म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं, "वना."

वना पुढं आला. मूठ भरलेली होती. टोपलीवर हात धरला आणि मूठ उघडणार, तेवढ्यात भागाबाईनं टोपली ओढून पोटाशी घेतली आणि वर पदर पसरला. वनाच्या मुठीतले गहू खाली फरशीवर पडले, तडतड वाजले.

"माय?" वना म्हणाला.

"ह्या टोपलीमा तुन्ही मूठ पडनार नही."

आबा ओरडले, "काय करस तू? येडी व्हयनी का? टोपली ठेव खाले!"

"नाव तुम्ही ल्या," भागाबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण दारातल्या शेवटच्या बाईलाही ऐकू गेला. "गहू मी दळस. एकदाव हाऊ पडना म्हंजे बठ्ठामा मिसळी जाई. मंग मी निवडू कसा? दोन दिन व्हयनात, गहू पाखडस आनि इचार करस. मन्ही नातना अंगले हात लावनारना गहू मी दळस नही. दुसरी कोनले दळना व्हई तिनं पुढे यावं."

तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं. दाराशी त्या कुळातल्या सगळ्या बायका होत्या, सुना आणि सासवा. कोणी पुढं आली नाही. एक तर, वनाची सख्खी चुलती, पाय मागं घेऊन घरात सरकली. कानबाई दुसऱ्या दिवसावर आली होती आणि रोट करणारं एकही माणूस आबांच्या बाजूला नव्हतं. आबांनी त्या दाराकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले.

वना कसंबसं हसत म्हणाला, "माय, पोर खोटं बोलस. हाई हेमांगी तिले शिकाडस."

"खोटं बोलनं तिनं कोनाकडथून शिकावं?" भागाबाई म्हणाली. "तू खोटं बोलस तवय असाच हसस. न्हानपनथून."

मग तिनं पदर बाजूला केला आणि टोपली योगेंद्रपुढं धरली. आबांनी नाव घेतलं नाही. योगेंद्रनं त्यांची वाट पाहिली नाही. त्यानं आपली मूठ टाकली, वर पाव. मग पोराची. एक दाणाही बाहेर पडला नाही.

मी म्हणाले, "रूपा, आज शनिवार आहे."

"चाला," रूपा म्हणाली.

भागाबाई उठली, टोपली कमरेवर घेऊन. म्हणाली, "मी बी येस."

"टोपली ठेवा ना काकू, तिथं कशाला?" मी म्हटलं.

"आठे ठेवनू तं मन्हा मांगे कोनी त्यानी मूठ टाकी दी," ती म्हणाली आणि टोपलीवर पुन्हा पदर ओढला.

वना पळून जाईल असं मला वाटलं होतं. पण तो ओसरीवरच बसून राहिला, फरशीवरच्या गव्हांकडे बघत, आणि ते उचलायला कोणी वाकेना. झुलाल कोपऱ्यात उभा होता. आम्ही रिक्षाच्या वाटेला लागलो तेव्हा मागून टेम्पो आला. झुलालनं दार उघडलं. आम्ही बायका मागं बसलो, योगेंद्र पुढं. चुलतभावानं चुलतभावाकडे पाहिलं नाही, पण टेम्पो ठाण्याच्या रस्त्याला लागला.

ठाण्यात एक तरुण बाई अधिकारी होती, साध्या कपड्यांत. तिनं वृषालीला पाणी दिलं, वेगळ्या खोलीत नेलं, म्हणाली, तुला हवं ते माणूस सोबत ठेव. वृषाली म्हणाली, "सगळेच असू द्या." म्हणून आम्ही सगळे आत. बाकावर भागाबाई, मांडीवर टोपली. बाईनं सावकाश विचारलं आणि वृषाली सावकाश सांगू लागली. कधी, कुठं, कसं. आईच्या हाताला धरून, पण स्वतःच्या तोंडानं. नको तिथं हात लावायचा, असं ती म्हणाली तेव्हा बाईनं विचारलं, "नको तिथं म्हणजे कुठं? तुला सांगता येईल तसं सांग. घाई नाही."

वृषालीनं आईकडे पाहिलं.

गोदामात किती रविवार रूपाची जीभ याच ठिकाणी अडकली होती ते मी बघितलं होतं. पण रूपानं पदर तोंडावर नेला नाही. तिनं पोरीकडे बघून नुसती मान हलवली, की हो, शब्द तुला ठाऊक आहे, मी सांगितलाय. आणि वृषालीनं तो शब्द म्हटला. खरा, पुस्तकातला, स्वच्छ. हळू नाही आणि कानातही नाही.

बाईनं पेन कागदावर टेकवलं. मग दाराशी उभा असलेला झुलाल, पोरीचा बाप, खाली बघत म्हणाला, "बाई... तेवढं लिहू नका. तेवढं राहू द्या."

अधिकारी बाईनं वर पाहिलं. ती काही बोलायच्या आत भागाबाईनं दोन्ही हात टोपलीवर घट्ट ठेवले. तिनं हा शब्द जन्मात कधी उच्चारला नव्हता, आणि त्या दिवशीही उच्चारला नाही. पण तिनं आपल्या पोराकडे पाहिलं, मग टेबलापलीकडच्या बाईकडे.

"लिख वं माय," ती म्हणाली. "पोरनं जे सांगं ते बठ्ठं लिख."